डफडं वाजलं नाही

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात धान पाखडत होते. त्याच्या गावचा माणूस नाल्याच्या काठाकाठानं चालत आला होता, पाय धुळीनं पांढरे झालेले. दारातच उभा राहून म्हणाला, "बाई, मालक गेले. सकारी न्याहारी केली, पारीवर जाऊन येतो म्हनले, अन् तिथंच बसले ते बसले." मी सूप खाली ठेवलं, त्याला पाणी दिलं, आत जाऊन यजमानांना सांगितलं. अशा वेळी डोकं सुन्न होतं म्हणतात. माझं झालं नाही. मनात स्वच्छ एकच गोष्ट आली, की आता तो कधीच सांगणार नाही. रडू आलं ते त्यानंतर. त्यातलं दादासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढं वर्तमानपत्राच्या याच पुरवणीत त्याच्यावर चार ओळी छापून आल्या. डोंगरातून उतरणारा पूर आपल्या मालकीच्या मातीच्या पाळीनं अडवून त्यानं खालच्या गावांना जन्मभर राखलं, अशा अर्थाचं काही. लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानंच लिहिलं असेल. पण त्या खालच्या गावांतलं पहिलं गाव माझं सासर आहे. दादानं आम्हाला कसं राखलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी लिहू का, असं संपादकांना विचारलं. ते म्हणाले, लिहा, पण माणूस गेलेला आहे, जरा जपून लिहा. जपूनच लिहिते आहे.

आमचा भाग भंडारा जिल्ह्याच्या अगदी पूर्वेला. नागझिऱ्याच्या डोंगरातून एक नाला उतरतो. उन्हाळ्यात त्यात म्हशीला डुंबायला पाणी नसतं आणि श्रावण-भादव्यात तो खाटा-बाजा घेऊन जातो. माझं माहेर पळसटोला डोंगराच्या पायथ्याशी, आणि सासर चिचगाव त्याच नाल्यावर खाली. आमच्या आजोबांनी पळसटोल्याच्या वर नाल्याला आडवी मातीची पाळ घातली. आमच्याकडे तिला पार म्हणतात. सरकारचा तिच्याशी काही संबंध नव्हता. जमीन आमची, माती आमची, खपलेली माणसं आमची. तिच्या पाण्यावर धानही पिकायचं, पण आजोबांनी ती घातली पुरासाठी. बाबा सांगायचे, "पूर आला का त्याले अगुदर बसवाचं. बसला का मंग हरूहरू उठवाचं." पाळीच्या एका टोकाला दगडी सांडवा होता. पाळीनं पूर बसवायचा, सांडव्यानं थोडा थोडा उठवायचा. चिचगावच्या मालगुजारांची, म्हणजे तिथल्या जमीनदारांची, पुढं जे माझे सासरे झाले त्यांची, अशीच एक पाळ खाली होती. वरून सोडलेलं पाणी ती झेलायची.

दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मुलीला शाळा नव्हती, म्हणून त्यानंच मला अक्षरं शिकवली, तीही पाळीच्या पायथ्याच्या ओल्या गाळावर काडीनं. 'क' चुकला की पायानं पुसून टाकायचा आणि म्हणायचा, "यमे, हा क होय का कोंबडी?" मी रडवेली झाले की कोंबडीसारखा आवाज काढायचा, आणि मग दोघंही हसत सुटायचो. तो शिकवत बसला नसता तर आज हा लेखही मला लिहिता आला नसता. त्याच्याविरुद्ध लिहिण्याची विद्या त्याचीच आहे. हे कळल्यावर तो काय म्हणाला असता, तेही मला ठाऊक आहे. म्हणाला असता, अक्षर अजून सुधारलं नाही.

मी लहान होते तेव्हा एका पावसाळ्यात आमची पाळ गावाच्या बाजूनं फुगायला लागली. ती तिथून फुटली असती तर पळसटोल्याची घरं गेली असती. तेव्हा बाबांनी दुसऱ्या टोकाला, नाल्याच्या बाजूनं, ती कापायला माणसं लावली. तिकडून पाणी सुटलं की ते थेट चिचगावच्या बांध्यांवर, म्हणजे खाचरांतल्या उभ्या धानावर. चिचगावची माणसं काठ्या घेऊन धावत वर आली आणि पाळीवर आडवी उभी राहिली. माझ्या काकांचं डोकं फुटलं, त्यांच्यातल्या एकाचा हात मोडला. त्या वर्षी पाऊस थांबला म्हणून दोन्ही गावं वाचली. मग दिवाळीनंतर दोन्हीकडची म्हातारी माणसं पाळीवर बसली आणि त्यांनी रीत ठरवली. वरच्या मालकानं पाळीला कुदळ लावण्याआधी टेकडीवरून डफडं वाजवायचं. खालच्यांनी ते ऐकून आपला सांडवा पूर्ण उघडायचा, ढोरं वर काढायची, आणि आपलं डफडं वाजवून होकार द्यायचा. खोलगट बांध्यांतलं धान जाईल, पण त्यांची पाळ राहील. होकार आल्यावरच वरची कुदळ पडायची. काठ्या घेऊन कोणी यायचं नाही. आणि एकाच्या चुकीनं दुसऱ्याची पाळ दुखावली तर दुरुस्तीचं शेवटचं टोपलं चुकणाऱ्या मालकानं स्वतः, उघड्या डोक्यावरून वाहायचं. गड्यानं वाहिलेलं चालणार नाही. तोवर ती जागा तशीच रिकामी राहील.

त्याच बैठकीत माझं लग्न ठरलं. पुढं कितीतरी वर्षं मला वाटायचं, की स्थळ चांगलं म्हणून दिलं. स्थळ चांगलंच होतं, यजमान भले आहेत, माझी काही तक्रार नाही. पण मला दिलं ते डफड्याला जामीन म्हणून. पोटची पोर खाली नांदत असेल तर वरचा माणूस न सांगता पाणी सोडणार नाही, एवढा साधा हिशेब होता त्या म्हाताऱ्यांचा. माझ्या आईला तो कळला होता. पाठवणी करताना ती म्हणाली, "पोरी, आता दोन गावं तुह्या भरोश्यावर झोपतीन."

रीत नुसती बोलण्यापुरती नव्हती. माझ्या लग्नानंतर एकदा बाबांच्या गड्यानं पाण्याची मोरी उघडी टाकली आणि चिचगावच्या पाळीचा कोपरा खचला. दुरुस्ती झाल्यावर बाबा स्वतः आले. पळसटोल्याचे मालगुजार, गोंदियाच्या बाजारात शेठलोक उठून रामराम घालायचे त्यांना. त्यांनी पागोटं काढून माझ्या हातात दिलं, मातीचं टोपलं उचललं आणि सगळ्या गावासमोर नेऊन ओतलं. सासरे पुढं झाले, त्यांनी बाबांच्या खांद्यावरची माती झटकली आणि दोघं हसत जेवायला आले. मी वाढत होते. त्या दिवशी मला माझ्या बापाचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नाही. दादाही आला होता त्यांच्याबरोबर. मला म्हणाला, "बाबा बुढा झाला तरी टोपलं बरोबर पेललं पाह्य."

बाबांच्या मागं पाळ दादाकडं आली. तो फार चांगला मालक होता, हे मला लिहिलंच पाहिजे. पाळीवर गवत राखायचा, उंदराचं बीळ दिसलं की त्याच दिवशी खणून भरायचा. ढगांकडं पाहून तो सांगायचा, आज पूर बसेल की नाही. पुष्कळ वर्षं डफडं वेळेवर वाजलं. टेकडीवरून तो ढबढब आवाज आला की आमच्याकडे धावाधाव व्हायची, आणि मी मात्र चुलीजवळ बसून मनात म्हणायचे, दादा आहे.

मग तो पाऊस आला. आगगाडी सौंदडपर्यंत येऊन थोडीच वर्षं झाली होती. हस्ताचा पाऊस, धान पोटरीतून बाहेर पडलेलं. अशा वेळी पाळीतलं पाणी म्हणजे सोनं. ते धरून ठेवलं तरच दाणा भरतो. पण पाऊस थांबेना. दुपारी सासरे भिजून आले आणि ओटीवर उभे राहून विचार करत राहिले. सांडवा पूर्ण उघडावा तर भरलेलं पाणी जातं, पुन्हा पाऊस आला नाही तर धान पोचट. न उघडावा तर वरच्या पाण्याची भीती. यजमान उघडायला निघाले होते. सासऱ्यांनी त्यांना थांबवलं आणि मला आतून बोलावलं.

"सूनबाई, तुहा भाऊ काय करन?"

मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "डफडं वाजल्याबिगर दादा पारीले हात लावनार नाई."

"वाजलं नाई ना आजून?"

"नाई वाजलं."

"मंग राहू द्या," ते म्हणाले. यजमानांनी कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. माझ्या शब्दावर त्या घरानं पाळ भरलेली ठेवली. चहा करायला मी आत गेले, एवढं आठवतं. तो आम्ही प्यालो की नाही, आठवत नाही. दिवस अजून होता. नाल्याकडून आवाज आला... जंगलातून ढोरांचा मोठा कळप धावत यावा तसा, आणि थांबेचना. आमची पाळ त्या पाण्यापुढं उभीच राहिली नाही. माणसं वाचली, कारण गाव चढावर होतं. बैल गेले, कुंभारांची घरं गेली, आणि पाळीखालच्या सगळ्या बांध्यांवर कमरेएवढी रेती बसली. धान एका वर्षाचं जातं. रेती बसलेली बांधी पुन्हा बांधी व्हायला माणसाचं उमेदीचं वय लागतं.

पाणी उतरल्यावर यजमानांबरोबर मी पळसटोल्याला गेले. गाव शाबूत होतं. दादा पाळीवर उभा होता, घोंगडी पांघरून. नाल्याच्या बाजूच्या टोकाला पाळीत मोठी खिंड पडली होती. मला पाहून तो खाली आला आणि म्हणाला, "फुटली यमे, का करू." मी खिंडीकडं पाहिलं. कडेला गवताची ढेकळं रचून ठेवलेली होती. पाळ कापताना वरचं गवत आधी असंच सोलून बाजूला रचतात, पुन्हा बसवता यावं म्हणून. पुरानं फोडलेली पाळ ढेकळं रचून ठेवत नाही. मी त्या ढेकळांकडं पाहतेय हे दादानं पाहिलं, आणि तो यजमानांशी बैलांबद्दल बोलायला लागला.

पाळ कापली याचा मला राग नव्हता, आजही नाही. त्याच्या गावात लहान पोरं होती, म्हातारी माणसं होती. मीही कापली असती. पण टेकडी तिथंच होती, डफडं त्याच्या ओसरीवर होतं, आणि खाली मी होते.

त्यानं मदत खूप केली. पळसटोल्याची माणसं महिनोन् महिने आमच्या पाळीवर खपली, बियाण्याच्या धानाच्या गाड्या आल्या. सासऱ्यांनी काही परत पाठवलं नाही. पाळ उभी राहिली, फक्त माथ्यावर एका टोपल्याएवढी जागा त्यांनी मोकळी ठेवली. "मालक येतीन," एवढंच म्हणाले. दादा आला नाही. टोपलं वाहायला यायचं म्हणजे चूक माझी म्हणायचं, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणं तर पाळ फुटली होती. देवाच्या पाण्याला कोण काय करणार? गाड्या येत राहिल्या, तो नाही. सासरे पुढं बारा-तेरा वर्षं जगले. मला कधी एक वाकडा शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर त्यांनी मला काहीही विचारलं नाही. बैल घ्यायचा, पोरीचं लग्न ठरवायचं, पाणी कोणत्या बांधीला आधी द्यायचं... मला आतून बाहेर बोलावणं आलंच नाही. त्यांचं पाहून घरात सगळ्यांनीच विचारणं सोडलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

भाऊबीजेला मी जायचं बंद केलं. दादानं कारण विचारलं नाही. लग्नकार्यात भेटायचा, सौंदडच्या बाजारात भेटायचा. भेटला की तोच जुना दादा. माझ्यासाठी नागपूरची वर्तमानपत्रं जपून ठेवायचा, पोरांना बत्तासे द्यायचा, गुडघेदुखीवर तेल सांगायचा. मला दोन दादा वाटायचे आणि त्यातल्या एकाशीच बोलता यायचं. एकदा सौंदडच्या फलाटावर आम्ही दोघंच होतो. गाडीला उशीर होता. मी मन घट्ट केलं आणि विचारलं, "दादा, त्या दिवशी डफडं काऊन नाई वाजवलं?" त्यानं रुळांकडं पाहिलं.  मग उठला, माझी पिशवी उचलली आणि म्हणाला, "गाडी येऊन राहिली पाह्य." गाडीचा पत्ताही नव्हता.

इतकी वर्षं मी त्याच्यासाठी कारणं शोधली. घाई झाली असेल. डफडंवाला पळून गेला असेल, कातडं भिजून आवाज निघाला नसेल. पोरं घाबरून रडत असतील तेव्हा डफड्याची आठवण कोणाला राहते. विसरला असेल, आणि विसरलो म्हणायची लाज वाटली असेल... या शेवटच्या कारणावर मी दिवस काढले. विसरणाऱ्या भावाला माफ करता येतं.

तेरवीला गेले. मंडळी पांगल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. ती साधी बाई आहे, कधी कोणाचं वाईट बोलली नाही. मला बरं वाटावं म्हणूनच ती सांगायला लागली. "बाई, त्याइचा तुमच्यावर लय भरोसा होता. त्या पुराच्या दिवशी पाहा ना. डफडंवाल्यानं डफडं गऱ्यात घातलंच होतं. हेच म्हनले, नोको वाजवू. वाजवलं तं चिचगावचे काठ्या घेऊन येतीन, जुन्यासारखं होईन. आपली यमू हाये ना तिथं, ते निवांत बसून राहतीन, तोवर आपलं काम होते." आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "सख्ख्या भावासारखा तुमाले कोन ओरखन?"

मी तिचा हात बाजूला केला नाही.  तो विसरला नव्हता. त्याला मी पुरती आठवत होते. सासरे मला आतून बोलावतील, मी काय उत्तर देईन, कुदळ भिंतीला टेकेल, हे सगळं त्यानं वर पाळीवर उभं राहून ओळखलं होतं. दोन गावांनी मला ज्या कामासाठी मध्ये ठेवलं होतं, त्याच कामासाठी त्यानं मला उलटीकडून वापरलं. तीस-एक वर्षं मी माझ्या शब्दाची लाज वाहिली. तो शब्द मी देईन हे त्यानं आधीच धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाचा मला पोचवायला निघाला. आता पाळ त्याची. मालगुजाऱ्याच राहणार नाहीत असं लोक बोलतात, पण आज तरी तो मालक आहे. रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, त्यानं एक टोपलं ठेवलं होतं, कशाला ते मी विचारलं नाही. चिचगावच्या पाळीजवळ त्यानं बैल थांबवले, टोपी काढून गाडीत ठेवली आणि पायथ्याशी माती भरू लागला. यजमान घरून चालत आले. रस्त्यानं जाणारी दोन-चार माणसं थांबली. जुनी माणसं आता फारशी उरलेली नाहीत. माथ्यावर ती जागा तोवर तशीच होती, पावसाचं पाणी साचून थोडी रुंद झालेली. गाडीवाले सवयीनं चाक चुकवून न्यायचे.

"तू काऊन?" मी त्याला म्हटलं. "तुहं नाई ते."

"बाबाचं हाये, आत्या. त्याइनं केलं नाई म्हनून मी करून राहिलो." टोपलं डोक्यावर घेऊन तो चढाव चढला. मी त्याच्या मागून गेले. यजमान म्हणाले, करू दे त्याला, किती दिवस ठेवायचं. भाच्यानं माझ्याकडं पाहिलं. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यानं टोपलं उपडं केलं, पायानं माती दाबली, हात झटकले. झालं.

कळशी खाली ठेवायलाही याहून जास्त वेळ लागतो. मी पाहत राहिले, आणि दादावरचा खरा राग मला तिथं, त्या भरलेल्या मातीपाशी, पहिल्यांदा आला. पुरानं गेलं ते गेलं होतं. पण आमच्या पाळीवरून तो कितीदा तरी गेला होता, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मातीला, सौंदडच्या बाजाराला. प्रत्येक वेळी त्यानंही चाक चुकवून नेलं असणार. एवढंसंच होतं, दादा. एवढंसं होतं आणि तू ते केलं नाहीस.